जपून ठेवलेलं छप्पर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुन्या मोटारीला "कशी आहेस?" म्हणून कोणी विचारत नाही. लोक येतात, टायरला बुटाचं टोक मारून बघतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. म्हणून माझी गोष्ट मलाच सांगावी लागतेय. मला दोन दारं आहेत, चार सीटा आहेत आणि डोक्यावर जाड काळ्या कापडाचं छप्पर आहे. बटण दाबलं की ते घडी होऊन मागे जातं. बांधा मध्यम, ना फार मोठी ना फार लहान. रंग आता विटलाय आणि स्वभाव तिखट झालाय. ऐकताना ठसका लागला तर दोष मला देऊ नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. अंगाचा पत्रा यंत्रांनी जोडला, पण छप्पर बसवायला माणसंच लागत. चष्मा लावलेली एक बाई ओठात दोन पिना धरून माझं कापड ताणत होती. काम होताच पिना काढून शेजारणीला म्हणाली, "यातून पाण्याचा थेंब आत आला तर माझं नाव बदल." बाईंचं नाव अजून तेच असेल. पलीकडच्या खोलीत माझ्याच जातीच्या एका गाडीचं छप्पर आठवडाभर नुसतं उघडून मिटून बघत होते. मोजणारा माणूस जांभया देऊ लागला, छप्पर काही दमलं नाही. इतक्या काटेकोर घरात जन्मल्याचा मला त्या वेळी फार अभिमान होता.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी मला कोरी घेतली ती मुख्यतः इतर डॉक्टरांना दिसावी म्हणून. दवाखान्याच्या दारात ते मुद्दाम छप्पर उघडं टाकून ठेवायचे. दाढ दुखत असलेला पेशंटसुद्धा गालावर हात ठेवून दोन मिनिटं माझ्याकडे बघत उभा राहायचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चांगली तीन वर्षं टिकले. मग डॉक्टरांना जुळी झाली. दोन दारांच्या गाडीत मागे दोन बाळं बसवायची म्हणजे पुढची सीट वाकवा, स्वतः वाका, आत शिरा, पट्टे लावा, आणि हे सगळं दोनदा. एक दिवस डॉक्टरांच्या बायकोची कंबर धरली. त्या वाकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, "एक तर ही गाडी जाईल, नाहीतर मी माहेरी जाईन." डॉक्टरांनी विचार करायला दोन दिवस घेतले. ते दोन दिवस त्यांच्या बायकोने अजून माफ केलेले नसणार.

अशी मी जुन्या गाड्यांच्या आवारात आले. तिथला दलाल केसांना रंग लावायचा आणि गाड्यांनाही. सकाळी तो आम्हा सगळ्यांना ओल्या फडक्याने पुसायचा आणि ज्याच्या त्याच्यापाशी "एकाच हातात वापरलेली आहे" असं सांगायचा, मग ती गाडी चार घरं फिरून आलेली का असेना. माझ्याबाबतीत मात्र तो खरं बोलत होता, पण त्याच्यावर विश्वास ठेवणार कोण? लोक यायचे, आत बसायचे, छप्पर उघडायला लावायचे, फोटो काढायचे आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायचे. वर्षभर हाच खेळ चालला. त्यांना मी नको होते, माझ्यात बसलेले स्वतःचे फोटो हवे होते.

मग एका सकाळी घड्याळजी आले.

ते घड्याळं दुरुस्त करायचे. एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, इतकं चिंचोळं की गिऱ्हाइकाला आत घ्यायचं तर त्यांना आधी बाहेर यावं लागे. गळ्यात दोरीला बांधलेलं डोळ्याला लावायचं भिंग असायचं. गाडी बघायला आले तेव्हाही ते होतं. सोबत त्यांची बायको होती. त्यांनी बत्तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं होतं, म्हणून सगळं गाव त्यांना टपालकाकू म्हणत असे. बत्तीस वर्षांत सायकलवरून कधी पडल्या नाहीत आणि निवृत्त झाल्यावर घरच्याच जिन्यात पडल्या. गुडघ्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि उजवा पाय जो सरळ झाला तो झालाच. गुडघ्यात वाकेना. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागे. भाड्याच्या गाडीत त्यांना मागच्या सीटवर आडवं बसवून न्यायचे, पाय सीटवर पसरून. "माणूस नेताय की गुंडाळलेली सतरंजी?" असं त्या ड्रायव्हरला विचारायच्या.

"आराम आणि भरवसा, दोनच गोष्टी हव्यात," घड्याळजी दलालाला म्हणाले. "हिला नीट बसता आलं पाहिजे आणि गाडी वाटेत बंद पडता कामा नये. बाकी शोभा तुमच्याकडेच ठेवा."

दलालाने चार दारांच्या चांगल्या घरंदाज गाड्या दाखवल्या. पण चार दारं असली की प्रत्येक दार आखूड असतं. काकूंचा सरळ पाय कुठे दाराला अडायचा, कुठे पुढच्या कप्प्याला. तिसऱ्या गाडीतून उतरल्यावर काकूंनी काठी माझ्याकडे केली. "ती का नाही दाखवत?"

"ती तरुणांची गाडी आहे, काकू," दलाल हसून म्हणाला.

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या आणि आल्या.

मित्रांनो, दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं. काकू पाठमोऱ्या बसल्या, वळल्या, आणि तो हट्टी पाय अलगद आत गेला. सीट पुरती मागे सरकवली तरी मागे जागा उरली. त्यांनी डोकं टेकलं. दलालाला माणसं कळायची, त्याने लगेच बटण दाबलं. छप्पर मागे गेलं आणि उन्हाचा झोत काकूंच्या चेहऱ्यावर पडला. त्यांनी डोळे मिटले आणि हसल्या.

"अहो, हीच घ्या," त्या म्हणाल्या.

"एवढी मोकळीढाकळी गाडी कशाला?"

"बत्तीस वर्षं उन्हावाऱ्यात काढली मी. आता उठलं की छत, झोपलं की छत. आकाश बघायचं तर खिडकीशी मान वाकडी करावी लागते. घ्या ना."

घड्याळजींनी त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. छप्पर मागे जाताना मध्येच टक् असा आवाज झाला होता. त्यांनी दलालाला छप्पर बंद करायला लावलं आणि पुन्हा उघडायला लावलं. पुन्हा त्याच जागी टक्. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

तो आवाज कसला होता ते सांगते. छपराच्या कडेला रबराची एक पट्टी असते. वर्षभर उन्हात उभी राहून ती वाळली होती आणि दांडीला घासून सुटताना वाजायची. कोणी सकाळी उठून बोटं मोडावीत, तेवढंच. त्यात दुखणं काही नव्हतं. पण घड्याळजींच्या धंद्यात एकाच जागी येणारी टक् म्हणजे चाकाचा झिजलेला दात. असं घड्याळ जेवढं चालवाल तेवढं मरणाजवळ जातं. चाळीस वर्षांत त्यांचा कान कधी चुकला नव्हता. तो आधी एखादवेळी चुकला असता तर बरं झालं असतं, निदान त्यांना चुकायची सवय झाली असती.

विकत घेण्याआधी ते मला त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीने मला वर उचललं, खालून वरून तपासलं, तोंडावर ग्रीसचा पट्टा घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. पुढचे ब्रेक बदला. छप्पर मात्र महिन्यातून एकदा तरी उघडत-मिटत राहा, पडून राहिलं की अडकतं. आणि अर्ध्यात अडकलं तर माझ्याच्याने व्हायचं नाही, बाहेरचा माणूस बोलवावा लागेल."

मिस्त्री एवढं बोलला, त्यातलं घड्याळजींच्या कानात राहिलं ते "अर्ध्यात अडकलं तर". सांगणारा सांगतो एक आणि ऐकणारा आपल्या भीतीपुरतं ऐकतो.

घरी आल्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी घेतली, कात्रीने बरोबर बटणाएवढी कापली आणि छपराच्या बटणावर लावली. कडा नखाने दाबून बसवल्या. मग काकूंना समजावून सांगितलं, "छपराचा एक दात झिजलाय. मी ऐकलाय. अजून फार तर दहा-बारा वेळा उघडेल, पुढे नाही. त्या उगाच उधळायच्या नाहीत. तुझा पाय वाकायला लागू दे, मग आपण तू टपाल वाटायचीस त्या टेकडीवर जाऊ. तुझ्या फेरीतल्या शेवटच्या नऊ घरांपर्यंत. तेव्हा उघडू."

"आणि पाय नाही वाकला तर?"

"वाकेल गं."

"बरं," काकू म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या खूश होत्या. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी राखून ठेवतंय, याचा आनंद कोणाला होत नाही? मीही खूश होते. मी मूर्ख होते.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची म्हणजे कशी, हे घड्याळजींकडून शिकावं. घड्याळाच्या आतली धूळ काढायचा बारीक ब्रश घेऊन ते माझ्या बटणांच्या फटी साफ करायचे. तेल बदलायची तारीख कधी एका दिवसाने पुढे गेली नाही. काकूंची पाठ ज्या कोनात टेकली की त्यांना बरं वाटे, त्या जागी सीटच्या दांडीला त्यांनी लाल दोरा बांधला होता, म्हणजे सीट हलली तरी पुन्हा तिथेच आणता यावी. चार वर्षं मी काकूंना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेलं आणि आणलं. कडक उन्हात, थंडीत, पावसात. एकदाही बंद पडले नाही. एकदाही त्यांना उतरून दुसऱ्या गाडीत बसावं लागलं नाही. आरामासाठी आणि भरवशासाठी मला घेतलं होतं, आणि त्या दोन्हींत मी कोणाला बोट ठेवायला जागा दिली नाही.

आणि चार वर्षं ते छप्पर मिटलेलं होतं.

सुरुवातीला काकू गमतीने विचारायच्या. "अहो, डब्याचं झाकण कधी काढताय? आतलं आंबून जाईल." घड्याळजी हसायचे. आज धूळ आहे. आज वारा फार आहे. आज तुला खोकला आहे. आज मला सर्दी आहे. आज आकाशाचं काही खरं नाही. एकदा तर तारेवर कबुतरं बसलीत म्हणून नको म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण सरळ होतं, नाचणारी तयार होती, आणि यजमान म्हणत होते की नाच मोजकेच उरलेत, जपून ठेवू.

काकूंची धाकटी बहीण कपडे धुवायचं आणि इस्त्रीचं दुकान चालवायची. दिवसभर वाफेत उभी असल्याने तिच्या बोलण्याला चटका असायचा. सुटीच्या दिवशी ती माझ्या मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसायची. एकदा तिने पुढे हात घालून त्या पट्टीचा कोपरा नखाने उचलला.

"हात काढ!" घड्याळजी ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

"भाऊजी, गाडी घेतलीत की तिजोरी?"

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "ते माझ्यासाठीच राखून ठेवतायत."

बायको अशी बाजू घेणारी मिळाली की माणसाला आपली चूक कळायची सोय राहत नाही. धाकटीने हात मागे घेतला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. घड्याळजींनी पट्टीचा उचललेला कोपरा पुन्हा अंगठ्याने दाबून बसवला.

चौथ्या वर्षी दवाखान्यातल्या व्यायामवाल्या ताईंनी सांगून टाकलं की आता तीनदा यायची गरज नाही, महिन्यातून एकदा या. पाय यापुढे वाकायचा नाही, आहे त्यात चालवून घ्यावं लागेल. काकू बाहेर आल्या, माझ्यात बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, पाय काही वाकत नाही. त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. टेकडीवर जाऊ या."

घड्याळजींनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "रविवारी जाऊ," म्हणाले.

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला धुतलं. काकूंनी जुना टपालाचा कोट घातला होता, खांद्यावर उसवलेला. आम्ही टेकडी चढलो. वाटेत काकू घरं दाखवत होत्या. पहिल्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहायचे, त्यांना पत्र कधीच येत नसे, पण काकू रोज दार वाजवून "आज नाही हं" सांगायच्या, कारण न सांगता गेलं की ते संध्याकाळपर्यंत फाटकात उभे राहत. चौथ्या घरातला कुत्रा फक्त बिलं आणली की भुंकायचा, अशी काकूंची खात्री होती. शेवटच्या, नवव्या घरापाशी डांबरी रस्ता संपतो आणि पुढे मोकळं माळरान लागतं. तिथे पोहोचलं की काकू सायकल आडवी टाकून गवतावर पाच मिनिटं उताण्या पडायच्या. "बत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "नोकरीतला सगळ्यात चांगला भाग तो. साहेबाला कधी कळला नाही."

घड्याळजींनी इंजिन बंद केलं. काकूंनी मान मागे टेकली, वर काळ्या कापडाकडे बघितलं.

"उघडा ना आता."

त्यांनी पट्टीच्या कोपऱ्याला नख लावलं. मित्रांनो, माझ्या अंगातला कणन्‌कण त्या नखाकडे बघत होता. तेवढ्यात खालून खडीचा ट्रक चढून आला. "हा जाऊ दे," घड्याळजी म्हणाले. ट्रक गेला. मागे धूळ उठली. "धूळ बसू दे." धूळ बसली. मग त्यांनी काचेतून वर बघितलं. "ऊन थेट डोक्यावर येतंय तुझ्या. त्रास होईल. उतरताना उघडू, तोवर कललेलं असेल." आणि पट्टीचा कोपरा पुन्हा दाबून बसवला.

"उतरताना नक्की?"

"नक्की."

त्यांनी तिथेच बसून डबा खाल्ला, काचा खाली करून. काकूंनी हात बाहेर काढून ठेवला होता. मग आम्ही निघालो. आणि दुसऱ्या वळणावर काकूंना झोप लागली. वय झालं होतं, इतका वेळ त्या बसलेल्या नव्हत्या कधी, दमल्या होत्या. पाचव्या घरापाशी घड्याळजींनी गाडी बाजूला घेतली. ऊन कललं होतं. धूळ नव्हती. वारा इतका मंद की कोपऱ्यावरच्या गवताचं पातंही हलत नव्हतं. त्यांनी बटणाकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं. काकूंचं तोंड किंचित उघडं होतं. "झोपमोड नको," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मला इतकं हळू घरी आणलं की मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

फाटकात काकू जाग्या झाल्या. "उघडलं होतंत?"

"नाही, तुला झोप लागली होती ना. पुढच्या रविवारी जाऊ."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. ना गमतीने, ना रागाने. पुढचा रविवार आला आणि गेला, त्याच्या पुढचाही. घड्याळजींना वाटलं, टेकडी बघून आली, हौस फिटली. धाकटीला त्यांनी तसं सांगितलंही. मी सारं ऐकत होते आणि माझ्याकडे बोलायला एक हॉर्न सोडून काही नव्हतं.

थंडी सुरू झाली तशी काकूंना कणकण येऊ लागली. मग एका सकाळी श्वास पुरेना. फाटकात पांढरी रुग्णवाहिका आली, तिच्या खिडक्या अर्ध्यापर्यंत रंगवलेल्या होत्या. काकूंना आडवं निजवून आत सरकवलं, दार लावलं. घड्याळजी मागोमाग चढले. चार वर्षं त्यांना मी नेत होते, आणि त्या दिवशी मी तिथेच, दोन हातांवर, स्वच्छ पुसलेली उभी होते. नवव्या दिवशी घड्याळजी धाकटीबरोबर परत आले. हातात काकूंची काठी होती, आणि काकू नव्हत्या.

पुढे तीन महिने त्यांचा क्रम सुरू राहिला. दर सकाळी मला पुसायचे, ब्रशने फटी साफ करायचे. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहायचे. इंजिन सुरू करायचे नाहीत. एकदा धाकटी येऊन शेजारी बसली.

"भाऊजी, एकदा उघडून तरी बघा ना ते."

"अडकलंच असेल ते. चार वर्षं झाली."

"मग बघा तरी."

"अडकलेलं असलं तर बरंच आहे," घड्याळजी म्हणाले. "आणि नसलं तर?"

धाकटीने पदराने काच पुसली, डाग नसलेली, आणि उठून गेली.

शेवटी त्यांनी मला विकायचं ठरवलं. धाकटीला सोबत घेऊन आम्ही त्याच आवारात गेलो. दलालाने आता केस रंगवणं सोडलं होतं, गाड्या मात्र अजून रंगवत होता. तिथे एक नवं लग्न झालेलं जोडपं गाडी बघायला आलं होतं. मला बघताच ती मुलगी धावत आली. दलालाने बटणावरची पट्टी बघितली.

"काका, छप्पर चालतं ना?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. "त्याचा दात झिजलाय. अर्ध्यात अडकेल. त्यांना आधीच सांगा, फसवू नका."

"बघू तरी," म्हणून दलालाने पट्टी उपटली.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला बिघडायचं होतं. मी माझ्या सांध्यांना म्हटलं, गंजा. पंपाला म्हटलं, जळ. कापडाला म्हटलं, घडीत फाट. एकदाच, फक्त एकदाच मला अडकू द्या, म्हणजे हा माणूस बरोबर ठरेल आणि उरलेले दिवस झोपू शकेल. पण मला त्यांनी चार वर्षं जपलं होतं. प्रत्येक बिजागरीत त्यांनी स्वतःच्या हाताने थेंब थेंब तेल घातलेलं होतं. छप्पर उठलं. मध्ये ती टक् झाली. आणि ते अलगद मागे जाऊन निजलं.

मुलीने टाळ्या वाजवल्या. घड्याळजी दांडीकडे बघत म्हणाले, "बंद करा. पुन्हा उघडा."

दलालाने पुन्हा उघडलं. टक्, आणि मागे.

"पुन्हा."

पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. जोडप्याला वाटलं, काय प्रामाणिक म्हातारा आहे, आपल्यासाठी तपासून घेतोय. आठव्या वेळी दलाल म्हणाला, "काका, कशाला? लोण्यासारखं चाललंय." घड्याळजींनी त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः बटणावर बोट ठेवलं. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. दहा. अकरा. बारा. बाराव्या वेळी त्यांनी कान अगदी दांडीजवळ नेला. तेरा.

"भाऊजी, बस करा," धाकटी म्हणाली.

"थांब. आता अडकेल बघ."

चौदा. पंधरा. ती मुलगी आता हसत नव्हती. सोळाव्या वेळी धाकटीने त्यांचं मनगट धरलं आणि बोट बटणावरून सोडवलं. छप्पर उघडं राहिलं. वर स्वच्छ आकाश होतं, धूळ नव्हती, वारा नव्हता. घड्याळजी काकूंच्या सीटकडे बघत उभे राहिले, मग त्यांनी ती लाल दोऱ्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटली नाही. ती तशीच ठेवून ते धाकटीच्या मागोमाग आवारातून बाहेर पडले.

आता मी त्या जोडप्याकडे आहे. छप्पर रोज उघडं असतं. मला कोणी पुसत नाही, पक्षी सीटांवर घाण करतात, परवा कोणीतरी कोल्ड्रिंक सांडलं आणि पुसलंही नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी हात जोडून सांगायचं असतं, की आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी सांगणार नाही. माझी काळजी घेण्यात घड्याळजींनी कणभरही कसूर केली नव्हती. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. तुमच्या घरात कोणी एखादी साधी गोष्ट पुन्हा पुन्हा मागत असेल, तर आजच उठा आणि देऊन टाका. मोडली तर मोडू दे. आणि मागणारं माणूस एक दिवस मागायचं थांबलं, तर त्याची हौस फिटली असं समजून निवांत बसू नका. धावत जाऊन विचारा.